आर्ट्स कॉलेजं बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी तिथल्या रिकाम्या खुर्च्या बघाव्यात

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एक पत्र आलं होतं, आमच्या गल्लीत तरी सगळ्यांनी वाचलं कारण व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो फिरत होता. लिहिणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं असं की बीएला जाऊन पोरं तीन वर्षं टाइमपास करतात, संस्कृत, पाली, संगीत असले विषय सरकारने पोसायचे कशाला, त्यापेक्षा तालुक्याची आर्ट्स कॉलेजं बंद करा आणि तिथे आयटीआय काढा. त्याला उत्तर म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण मोडी लिपीचा आणि शिक्षकांच्या जागांचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आधी सांगतो, मी प्राध्यापक नाही आणि कलाकार तर नाहीच नाही. मिरजेत माझं मेडिकलचं दुकान आहे. आयटीआयला पण माझा विरोध नाही, दुकानाचा फ्रीज आणि एसी बघणारा मुलगा आयटीआयचाच आहे आणि सीझनला माझ्यापेक्षा जास्त कमावतो. पण एक चांगलं काढायचं म्हणून दुसरं बंद करा हे लॉजिक मला कळत नाही. माझी मुलगी यंदा बारावी झाली, तिला गाणं, संस्कृत आणि अर्थशास्त्र असं एकत्र शिकायचं होतं, त्यामुळे गेले दोन महिने आम्ही घरातले सगळे प्रॉस्पेक्टस, पोर्टल, मेजर, मायनर यातच आहोत, म्हणून चार गोष्टी समजल्या त्या सांगतो.

मिरज बाहेरच्यांना दवाखान्यांसाठी माहीत असते, कर्नाटकातनं सुद्धा पेशंट येतात आणि आमचं दुकान त्यावरच चालतं हे खरंय. पण दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर सतारमेकर लोकांची गल्ली आहे, तिथे तंबोरे आणि सतारी बनतात आणि इथला तंबोरा देशभर जातो, परदेशात पण जातो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुमच्या पेपरात पण मोठी बातमी होती. मूळचे हे लोक शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, हत्यारांचे दिवस संपले तसे एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. पंढरपूर मंगळवेढ्याकडनं भोपळे येतात, ते वाळवायचे, तुनाचं लाकूड, मग कोरीव काम, पॉलिश आणि सगळ्यात शेवटी जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवणं. जवारी काढणारा माणूस तासन् तास कान लावून बसतो. हे सगळं आमच्या गावात आहे आणि आमच्या भागातल्या ज्या कॉलेजात आम्ही चौकशीला गेलो तिथे प्रॉस्पेक्टसमध्ये संगीत विषय छापलेला, आणि प्रत्यक्षात खोलीला कुलूप. क्लार्क म्हणाला, सर रिटायर झाले, पद भरलेलं नाही, सीएचबीवर कोणी मिळालं तर बघू. सीएचबी म्हणजे घड्याळी तासावर पैसे, सुट्टी असली की पैसे नाहीत. त्या पत्रलेखकांना विचारावंसं वाटतं की शिकवायला माणूसच नाही तिथे पोरं टाइमपास करणार नाहीत तर काय करणार? विषय नापास झालेला नाही, तो शिकवलाच गेलेला नाही.

आता लिबरल आर्ट्स हा शब्द. पुण्याकडे आणि दिल्लीच्या बाजूला खासगी युनिव्हर्सिट्यांमध्ये या नावाची डिग्री मिळते, मुलं इकॉनॉमिक्सबरोबर नाटक शिकतात, फिलॉसॉफीबरोबर कॉम्प्युटर, एखादी परदेशी भाषा, आणि फी लाखांत. जाहिराती इतक्या सुंदर की आपल्यालाच परत कॉलेजला जावंसं वाटतं. तिथे कोणी म्हणत नाही की नाटक शिकून पोट भरणार का. तोच मुलगा गडहिंग्लजच्या किंवा जतच्या कॉलेजात इतिहास आणि मराठी घेऊन बसला की मात्र टाइमपास. फी भरली की ते शिक्षण, अनुदानावर असलं की ती खिरापत, असं आपलं डोकं चालतं. माझं म्हणणं एवढंच की तो कोर्स तीच कल्पना आहे जी आपल्या जुन्या आर्ट्स कॉलेजांची होती, आणि सरकारच्या नव्या शैक्षणिक धोरणात तर ती कागदावर सगळ्या कॉलेजांना दिलेली आहे. फक्त माणसं दिलेली नाहीत.

धोरणाचं थोडं सांगायला पाहिजे कारण बऱ्याच पालकांना अजून ते कोडंच आहे. आता बीएला एक मेजर म्हणजे मुख्य विषय असतो, एक मायनर म्हणजे जोडीचा विषय, त्याशिवाय ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह जो आपल्या फॅकल्टीबाहेरचा घ्यायचा, मग आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा, कौशल्याचे पेपर, भाषा, सीसी म्हणजे को-करिक्युलर ज्यात एनएसएस, खेळ, सांस्कृतिक असं काहीतरी. म्हणजे कॉमर्सची मुलगी गाणं घेऊ शकते आणि सायन्सचा मुलगा संस्कृत घेऊ शकतो, हे खरंच चांगलंय, आमच्या वेळी असं नव्हतं, एकदा सायन्स म्हटलं की कविता संपली. पण चौकशी केल्यावर कळलं की ओईची लिस्ट म्हणजे कॉलेजात जे शिक्षक उपलब्ध आहेत त्यांच्या विषयांची लिस्ट. त्यामुळे आर्ट्सच्या मुलांना बेसिक अकाउंटिंग आणि कॉमर्सच्या मुलांना व्यक्तिमत्त्व विकास. चॉइस कसला, जे शिजलंय ते ताटात.

आणि जिथे संगीत ओई म्हणून आहे तिथे गणित बघा. एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास थिअरी, प्रॅक्टिकल असेल तर तीस तास. दोन क्रेडिटचा पेपर थिअरी म्हणून लावला की सगळं मिळून तीस तास, तेही साठ सत्तर मुलांच्या वर्गात, त्यात गणपती, परीक्षा, निवडणुकीची ड्यूटी वजा करा. तीस तासांत रागांची नावं पाठ होतील, भूप आणि देसकार कानाने ओळखता येणार नाहीत, दोन्हीत तेच पाच स्वर आहेत, फरक कळायला ऐकावंच लागतं आणि चुकावं लागतं. मुलीच्या गाण्याच्या बाई म्हणतात की नुसता षड्ज म्हणजे सा नीट लागायला वर्ष जातं. मग हा पेपर कशासाठी? त्यापेक्षा तो ऐकण्याचा कोर्स करा ना, सरळ सांगा की आम्ही गायला शिकवणार नाही, ऐकायला शिकवू, तीस तास चांगलं गाणं ऐकवा, गावातल्या एखाद्या जाणत्याला बोलवा. मिरजेत तर मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं, किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ साहेब इथेच राहिले, त्यांची कबर दर्ग्यातच आहे आणि त्यांच्या नावाने तिथे गायन सभा होते, फुकट, रात्रभर. मुलांना तिथे नेऊन बसवलं तरी दोन क्रेडिट वसूल होतील.

आता त्याच्या उलट केस आमच्या मुलीची. ती लहानपणापासून शिकतेय, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारदपर्यंत आलीय. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद हा क्रम महाराष्ट्रातल्या निम्म्या मध्यमवर्गीय घरांना तोंडपाठ आहे. दहावीला या परीक्षांचे आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे वाढीव मार्क मिळतात म्हणून आठवी नववीत क्लास ओसंडून वाहतात, आणि दहावीचा निकाल लागला की पेटी माळ्यावर. ते मार्क टक्केवारीत मिळवून पोरं सायन्सला जातात. म्हणजे दहावीला शाळेला ही परीक्षा मान्य, आणि पुढे जिला खरंच गाणं शिकायचंय तिला कॉलेजात विचारलं तर म्हणतात तुमच्या विशारदचं इथे काही नाही, पहिल्या सेमिस्टरला अलंकार म्हणजे स्वरांचे पलटे आणि भूप यांपासून सुरुवात करावी लागेल. अहो क्रेडिट बँक काढलीय ना सरकारने, प्रत्येक मुलाचं खातं आहे, आयडी आहे, मग जिने आठ दहा वर्षं रियाज करून परीक्षा दिल्यात तिच्या खात्यात त्यातले चार क्रेडिट जमा करायला काय हरकत आहे? अडचण असेल तर कॉलेजने स्वतःची परीक्षा घ्यावी, पंधरा मिनिटं समोर बसवून गायला लावावं, येतंय की नाही ते लगेच कळतं. गाण्यात कॉपी करता येत नाही.

या परीक्षा ज्यांच्यामुळे सुरू झाल्या ते विष्णू दिगंबर पलुसकर आमच्याच भागातले, कुरुंदवाडचे, जन्म १८७२. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, मिरजेला आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. (मेडिकलवाला म्हणून मला ही गोष्ट विशेष आवडते, तेव्हा पण डोळ्यांसाठी लोक मिरजेलाच येत होते.) पुढे १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, राजाच्या पदरी न राहता लोकांच्या वर्गणीवर आणि फीवर, वर्ग लावले, पुस्तकं छापली, परीक्षा आणल्या, चांगल्या घरच्या बायका गाणं शिकायला लागल्या त्यात या माणसाचा वाटा मोठा. १९३१ साली ते वारले ते मिरजेतच. ज्याची शाळा डोळ्यांमुळे सुटली त्याने गाण्याची शाळा काढली आणि आपण शंभर सव्वाशे वर्षांनी चर्चा करतोय की कॉलेजात संगीत ठेवायचं की नाही.

दुसरे पंडित विष्णू नारायण भातखंडे, संगीताचे मोठे अभ्यासक. त्यांचं उदाहरण त्या पत्रलेखकांनी जरूर बघावं. एल्फिन्स्टन कॉलेजातनं बीए, मग वकिली, काही काळ कराचीत प्रॅक्टिस. सतार आणि गाणं शिकलेले, संस्कृत चांगलं, त्यामुळे जुने संगीतावरचे ग्रंथ स्वतः वाचले, देशभर फिरून उस्तादांकडनं चिजा म्हणजे बंदिशी लिहून घेतल्या, दक्षिणेत जाऊन तिथल्या मेळ पद्धतीचा म्हणजे स्वरांवरून रागांचे गट पाडायच्या पद्धतीचा अभ्यास केला आणि आपल्या रागांची दहा थाटांत म्हणजे दहा गटांत मांडणी केली. संगीतावर संस्कृतात लिहिलं आणि मोठं विवेचन लिहिलं ते मराठीत. १९१६ साली बडोद्याची संगीत परिषद आणि १९२६ साली लखनौचं संगीत कॉलेज यांमागे तेच. आता मला सांगा या माणसाला आजच्या ॲडमिशन पोर्टलवर कुठल्या फॅकल्टीत टाकायचं? कायदा, संस्कृत, संगीत, मराठी लेखन, प्रवास, मुलाखती. यातलं एक जरी कमी असतं तर ते काम झालं नसतं. दहा थाटांवर विद्वानांचे आक्षेप आहेत ते मला माहीत आहे, उस्तादांशी त्यांचे खटके उडाले तेही वाचलंय, पण आज कुठल्याही क्लासमध्ये पहिल्या दिवशी वहीत जे उतरवून देतात त्यातलं बरंचसं त्यांचं आहे.

हं, आता मोडी. पत्रलेखक विचारतात या विषयांचा उपयोग काय, तर हे घ्या. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला शासनाने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. जुनी रेकॉर्ड काढली तर काय, कागद मोडीत, काही उर्दूत आणि फारसीत. मग धावाधाव, मोडी वाचणारे शोधा, उर्दू वाचणारे शोधा. ज्या कागदावर एखाद्याचं ॲडमिशन आणि नोकरी अवलंबून, तो कागद तहसीलमध्ये समोर पडलाय आणि वाचणारा माणूस जिल्ह्यात मोजकाच. मोडी स्वातंत्र्यानंतर शाळेतनं गेली, म्हणजे वापरणारी शेवटची पिढी आमच्या आजोबांची. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद मोडीत आहेत, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पण मोडी कागदपत्रं आहेत, आणि आमच्याकडे सांगली मिरज संस्थानांचं पटवर्धनांच्या काळातलं जे काही आहे ते वेगळंच. घरोघरी जुनी खतं, वाटणीपत्रं आहेत, कोर्टात जमिनीच्या केसेस वर्षानुवर्षं चालतात, वकील लोक मोडीवाल्याला पैसे देऊन लिप्यंतर करून घेतात. माझ्या ओळखीच्या एका वकिलाने एका कागदासाठी महिनाभर वाट बघितली. आता तुम्हीच सांगा, मोडी हा कौशल्याचा पेपर म्हणून तालुक्याच्या कॉलेजात ठेवला तर तो टाइमपास की रोजगार? अक्षर ओळख चार सहा आठवड्यात होते, शिवकालीन आणि पेशवेकालीन वळण वेगळं असतं ते वाचायला सराव लागतो, एखाद्या वर्षात कामापुरतं येतं. मशीन नाही, लॅब नाही, झेरॉक्स आणि चांगला शिक्षक, बस्स.

भाषांचं तर मला खरंच हसायला येतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले, बॅनर लागले, मीही स्टेटस ठेवलं होतं. त्याच दिवशी पाली आणि प्राकृतला पण दर्जा मिळाला हे बॅनरवर कुठे दिसलं नाही. आणि मराठीचं जुनेपण सांगताना आपण पुरावा काय देतो तर हाल सातवाहनाची गाथासप्तशती, जी महाराष्ट्री प्राकृतात आहे. मग प्राकृत वाचणारा नको का? सांगली कोल्हापूर भागात जैन समाज मोठा असल्यामुळे आमच्याकडे शाळांत अर्धमागधी होती, आमच्या वर्गात निम्मी पोरं स्कोअरिंग म्हणून ती घ्यायची, काही का असेना, शिकायची तरी. आता शिक्षक रिटायर झाला की विषय बंद, पोरं हिंदीकडे. पालीचं पण तेच. ज्या राज्यात लाखो लोक बुद्धवंदना पालीत म्हणतात तिथे पाली शिकवायला जागा भरायला पैसे नाहीत. अभिजात दर्जाचा निधी दिल्लीतनं येईल तेव्हा येईल, तोवर पहिली ते बीए ही शिडीच मोडली तर वरच्या मजल्यावर संशोधन करायला चढणार कोण?

आणि मराठीचा अभ्यास नुसत्या मराठीवर होत नाही, निदान आमच्या भागात तरी नाही. सांगली नाट्यपंढरी म्हणून आम्ही मिरवतो, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीता स्वयंवर केलं तिथनं मराठी रंगभूमी मोजतो. पण ते झालं कसं, तर आदल्या वर्षी उत्तर कानड्यातल्या भागवत मंडळींनी सांगलीत खेळ केले, सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांना ते आवडले आणि त्यांनी भाव्यांना सांगितलं की असं काही मराठीत करा. म्हणजे आपल्या नाटकाचा एक पाय कर्नाटकात आहे. तिकडनं बघितलं तर धारवाडकडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर नीलकंठबुवांकडे गाणं शिकले ते मिरजेत. गंगूबाई, भीमसेनजी यांच्या किराणा घराण्याचा धागा परत मिरजेच्या खाँसाहेबांकडे. आज माझ्या दुकानात रोज निम्मी गिऱ्हाईकं कानडीत बोलतात, मला मोडकंतोडकं येतं, आणि शेजारच्या कॉलेजात कानडी शिकायची सोय नाही. सीमाप्रश्नावर आमची मतं काय आहेत ती आहेत, पण म्हणून शेजारची भाषा शिकायची नाही असं कुठे लिहिलंय?

आयकेएसचं राहिलंच. भारतीय ज्ञानपरंपरा म्हणून जो पेपर आहे त्याच्या नोट्स मी पाहिल्या, पीडीएफ फिरते, वेदांपासून शून्याच्या शोधापर्यंत सगळं बुलेट पॉइंटमध्ये, परीक्षेला एमसीक्यू. मला त्यातलं फार कळत नाही पण एक कळतं, गावात ज्ञानपरंपरा जिवंत बसलीय आणि मुलं मोबाईलवर पीडीएफ वाचतायत. तंबोऱ्याची घोडी बघा. ती रुंद आणि किंचित उताराची असते, तारेखाली दोरा सरकवतात आणि एका ठरावीक जागी आला की आवाज एकदम खुलतो, एका तारेतनं दहा आवाज निघाल्यासारखे वाटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर पेपर लिहिला होता, की तार ज्या जागी छेडली त्या हिशोबाने जे स्वर ऐकू यायला नकोत तेसुद्धा तंबोऱ्यात येतात आणि ते या घोडीमुळे. म्हणजे फिजिक्सच्या मुलाला प्रोजेक्ट, संगीताच्या मुलीला प्रोजेक्ट, कॉमर्सवाल्याला जीआय आणि मार्केटिंगचा प्रोजेक्ट, इतिहासवाल्याला शिकलगार ते सतारमेकर हा प्रवास, सगळं एका गल्लीत. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग या धोरणात आहेच, ते कारखान्यातच करायला पाहिजे असं नाही ना? उलट आज कारागिरांची पुढची पिढी यात यायला तयार नाही कारण पैसा कमी आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा मोबाईलमध्ये फुकट आहे. कॉलेजातली पोरं तिथे गेली तर काहीतरी हालचाल होईल. कारागिरांना व्हिजिटिंग म्हणून तासाचे पैसे द्या, त्यांच्याकडे डिग्री नाही म्हणून अडवू नका.

नोकरीचं मी टाळत नाही. संगीत घेऊन बीए केलं की नोकरी समोर येऊन उभी राहते असं मी म्हणणार नाही, घरात आम्ही यावर भरपूर भांडलोय, मुलीच्या आजीचं मत अजूनही नर्सिंगच आहे. म्हणून तर तिने अर्थशास्त्र बरोबर ठेवलंय. पण माझ्याकडे औषध कंपन्यांचे जे एमआर येतात त्यात इंजिनिअर झालेले पण आहेत, त्यांना कोणी म्हणत नाही की तुमचं कॉलेज बंद करा. डिग्री आणि नोकरी यांची गाठ सगळीकडेच सैल झालीय, मग एकट्या आर्ट्सलाच जाब का? आणि ज्यांना पुढे जायचंय त्यांना वाट आहे, कोल्हापूरला विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबईत जेजे १८५७ पासूनचं. पण तिथपर्यंत पोचायला खालची पायरी तालुक्यात लागते. पुण्याला होस्टेल आणि मेसचा खर्च परवडतो त्याच घरच्या मुलीने गाणं शिकायचं का? मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच, आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत एसटीचा पास काढून संध्याकाळी घरी येता येईल तेवढ्या अंतरावरचंच कॉलेज मुलीला मिळतं. ते कॉलेज बंद करून तुम्ही आयटीआय काढलात तर ती मुलगी आयटीआयला जाणार नाही, तिचं लग्न होईल.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. कॉलेजं बंद करायची चर्चा थांबवा आणि जागा भरा. सगळ्या एकदम भरायला पैसे नाहीत म्हणता, ठीक, मग सांगली, मिरज, कुपवाड एकच महापालिका आहे, वीस पंचवीस मिनिटांच्या अंतरात कितीतरी कॉलेजं आहेत, तीन चार कॉलेजांनी मिळून संगीताचा एक पूर्णवेळ शिक्षक, संस्कृत प्राकृतचा एक, मोडीचा एक असं ठेवा, सोमवार मंगळवार इकडे, बुधवार गुरुवार तिकडे, किंवा मुलांनाच दुपारच्या बॅचला एका ठिकाणी बोलवा, मुलं क्लाससाठी गावभर हिंडतात तशी यायला तयार होतील. प्रत्येक संस्थेला वाटतं की आपली मुलं दुसऱ्याच्या आवारात गेली तर ॲडमिशन फुटेल, संस्थांचं राजकारण आम्हाला पण माहीत आहे, पण क्रेडिट एका ठिकाणचं दुसरीकडे चालतं हे धोरणातच आहे तर विद्यापीठाने जरा जोर लावला तर होईल. युवा महोत्सव आला की हीच कॉलेजं महिनाभर आधी बाहेरून तबलजी आणि नाटकाचा दिग्दर्शक आणतात, पैसे देतात, ढाल जिंकली की फोटो छापून येतो, तेव्हा कुठून येतात पैसे? तोच माणूस वर्षभर ठेवा की.

तुमच्या पेपरकडून पण एक अपेक्षा आहे. दरवर्षी जूनमध्ये तुम्ही ॲडमिशनची पुरवणी काढता, पहिलं पान नीट जेईई क्लासच्या जाहिरातीचं, आत कॉलेजांची यादी, कोर्स, फी, संपर्क. त्या यादीत एक कॉलम वाढवा, विषयासमोर पूर्णवेळ शिक्षक आहे, सीएचबीवर आहे की पद रिकामं आहे. बातमीदाराला एका फोनचं काम आहे. संगीत छापलंय आणि पेटी वाजवणारा कोणी नाही हे पालकांना फी भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, आणि एकदा छापून आलं की संस्था आणि सरकार दोघांनाही थोडं वाईट दिसेल, मग कदाचित फाइल हलेल. आमच्या मुलीचा फॉर्म अजून भरायचाय, दुसऱ्या यादीची तारीख जवळ आलीय, तेव्हा जमलं तर या आठवड्यातच छापा.

आपला,
एक वाचक आणि पालक, मिरज